इंजिनाला लावलेला भाता

लोहाराच्या भट्टीपुढे जो कधी घटकाभर उभा राहिला असेल, त्याला सुपरचार्जरचे निम्मे तत्त्व नव्याने शिकवावयास नको. भट्टी तीच, कोळसा तोच. पण भाता चालू झाला की मंद निखारा पांढराशुभ्र होऊन उठतो. उरलेले निम्मे तत्त्वही लोहारालाच ठाऊक असते: भाता बेताने चालवला नाही, तर तापावयास ठेवलेले लोखंडच जळून जाते. साध्या मोटारीच्या इंजिनाला असा भाता घरच्या घरी बसवता येतो काय, हा आजचा प्रश्न आहे. येतो, असे आमचे उत्तर आहे. मात्र भाता बसवणे हे त्या कामातील सर्वांत सोपे अंग होय, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

प्रथम इंजिनाची भूक पाहू. १६०० घनसेंटिमीटरचे चार फेरी पद्धतीचे इंजिन दोन फेऱ्यांत १.६ लिटर, म्हणजे एका फेरीत फार तर ०.८ लिटर हवा आत घेते. एक भार पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ भार हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल. पण हवा मात्र वातावरणाचा दाब जेवढी ढकलील तेवढीच आत जाते. तात्पर्य, इंजिनाची शक्ती पेट्रोलावर नव्हे, तर हवेवर अडलेली असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तेथील हवा जवळजवळ एक-अष्टमांशाने विरळ, म्हणून साध्या इंजिनाची शक्तीही तेथे सुमारे तितकीच घटते. हाच व्यवहार उलटा करून हवा दाट केली, की शक्ती वाढते. हे काम इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून जो करतो तो सुपरचार्जर, आणि बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर जो करतो तो टर्बोचार्जर.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स ह्या बंधूंनी १८६० मध्ये दोन रोटरांच्या वारायंत्राचे पेटंट घेतले. ते पुढे धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना वारा घालू लागले. म्हणजे आमची भात्याची उपमा ही केवळ उपमा नव्हे, तो वंशवृक्षच आहे. गॉटलीब डाइमलर ह्यांनी १८८५ मध्ये इंजिनात दाबून हवा भरण्याचे पेटंट घेतले, आणि १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजच्या सुपरचार्जर लावलेल्या गाड्या लोकांपुढे आल्या.

घरगुती जोडणीला बहर आला तो १९५० नंतरच्या दशकात. अमेरिकेत फोक्सवागेनच्या बीटल गाडीसाठी जडसन कंपनीचा संच मिळे आणि हौशी माणूस तो आपल्या अंगणात बसवी. हे त्याला जमे, ह्याची दोन कारणे होती. एक, त्या इंजिनाचे संपीडन-प्रमाण अवघे ६.६ होते, वरून थोडी अधिक हवा आली तरी ती सोसण्यास जागा होती. दुसरे, कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या तोंडाशी असे. अधिक हवा ओढली गेली की तिच्यामागे पेट्रोलही आपोआप अधिक ओढले जाई. हवा व इंधन ह्यांचा संसार न सांगता जुळत असे.

आजच्या गाडीत ही दोन्ही कारणे उरलेली नाहीत. संपीडन-प्रमाण १० च्या आसपास असते आणि पेट्रोल किती द्यावयाचे ते संगणक ठरवतो. तरीही हौस आटलेली नाही. २००२ नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या मिनी कूपर एस गाडीत ईटन एम-४५ हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर असे. मोडीत निघालेल्या गाड्यांतून तो काढून इंग्लंडमधील हौशी लोक आपल्या लहान इंजिनांना बसवतात. तोच उदाहरणादाखल घेऊ.

त्याच्या एका फेरीत सुमारे ०.७४ लिटर हवा पुढे ढकलली जाते. आपले इंजिन एका फेरीत ०.८ लिटर मागते. दोघे एकाच वेगाने फिरले तर काहीच लाभ नाही. म्हणून सुपरचार्जरची कप्पी लहान घेऊन तो इंजिनाच्या दीडपट फिरवला, की १.१ लिटर हवा ०.८ लिटरच्या दारात उभी राहते. ती दाटीवाटीने आत शिरते. कप्पी जितकी लहान तितका दाब अधिक. मोह होतो तो येथेच!

जोडणीत पहिला कस लागतो तो आधाराच्या पट्टीचा. ती जाड, ताठ आणि अचूक हवी. दोन कप्प्या एका रेषेत नसल्या तर पट्टा उडतो. दुसरे, क्रँकपेटीतील वाफा इंजिनाकडे नेणाऱ्या नळीत एकदिशा झडप हवी. नाहीतर दाब उलटा पेटीत शिरून तेलाची सीले बाहेर ढकलतो. तिसरे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला असता हवा परत फिरवणारी बगल-झडप जागेवर हवी. ठिणगीचे प्लग एक पायरी थंड जातीचे घ्यावेत व त्यांची फट थोडी कमी करावी. आणि ह्या साऱ्याच्या आधी प्रत्येक सिलिंडरचा संपीडन-दाब मोजावा. ज्याचे चार सिलिंडर सारखे नाहीत, त्या इंजिनाला भाता लावणे म्हणजे आजाऱ्याला कुस्तीत उतरविणे होय.

आता उष्णतेचा हिशेब. सायकलचा पंप मारताना त्याची नळी तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. ३० अंशांची हवा वातावरणाच्या १.४ पट दाबापर्यंत नेली आणि यंत्राची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर ती ८५ अंशांच्या आसपास तापते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब चाळीस टक्के वाढला तरी हवेची खरी भर अठरा टक्केच पडते. मध्ये शीतक बसवून तीच हवा ४५ अंशांवर आणली, तर भर तेहतीस टक्के होते. म्हणून शीतक ही चैन नव्हे. अर्धी कमाई त्याच्याच हातात आहे.

तापलेल्या हवेचा दुसरा उपद्रव याहून भयंकर. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमधून पुढे सरकत असता कोपऱ्यातील उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने तिच्या आधीच भडकते. कानाला टणटण ऐकू येते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. हा प्रकार जोराचा झाला की पिस्टनचा माथा वितळतो, कडांचे तुकडे पडतात, आणि हे सारे काही क्षणांत होऊ शकते. ह्यावर उपाय म्हणजे दाब बेताचा ठेवणे, हवा थंड करणे, ठिणगी थोडी उशिरा देणे, मिश्रण काहीसे दाट ठेवणे व अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे.

परंतु ठिणगी उशिरा द्या, पेट्रोल वाढवा, हे सांगावयाचे कोणाला? संगणकाला. त्याचा दाबमापक साध्या गाडीत वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजण्यासाठी केलेला असतो. त्यापुढे तो आंधळा. आत पाव हिस्सा हवा अधिक आली, तरी संगणक जुन्याच शिध्याने स्वयंपाक करतो. पाहुणे वाढले आणि घरधनिणीला कोणी कळविलेच नाही, असा तो प्रकार. मिश्रण पातळ होते, ज्वलन तापते आणि पिस्टनवर गदा येते. यास्तव मोठा दाबमापक, मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप व संगणकाच्या कोष्टकांची नवी मांडणी ह्यांवाचून पट्टा चढवूच नये. पुढे रुळांच्या चाचणीयंत्रावर गाडी ठेवून, धुरातील प्राणवायूचे माप पाहत, वेग हळूहळू वाढवावा.

भाता फुकट फिरत नाही, हेही ध्यानात असावे. वरच्या उदाहरणात पूर्ण वेगावर आठ-दहा अश्वशक्ती, म्हणजे सहा-सात हजार वॅट, त्याच्याच पोटात जातात. बाजारात सुपरचार्जर ह्या नावाने मिळणारे, बॅटरीवर चालणारे छोटे विजेचे पंखे जेमतेम काही दशक वॅट घेतात. त्यांनी काय होणार, हे गणितच सांगते.

मोठमोठ्यांनाही हा हिशेब चुकलेला नाही. बेंटलीच्या साडेचार लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावावा, असा शर्यतपटू टिम बर्किन ह्यांचा आग्रह; स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली ह्यांचा त्याला विरोध. शक्ती हवी तर इंजिनच मोठे करावे, हा त्यांचा मार्ग. १९३० च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या दोन्ही बेंटली बंद पडल्या आणि साडेसहा लिटरच्या, भात्याविना धावणाऱ्या बेंटलीने बाजी मारली. मात्र त्याच वर्षी पाऊ येथील तुलनेने आखूड शर्यतीत बर्किन ह्यांनी त्याच जातीच्या गाडीने दुसरा क्रमांक पटकावला. भात्यात वेग आहे. तो किती काळ टिकेल, हे इतर अंगांवर अवलंबून.

आपल्याकडील हौशी तरुणास आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि अशा गाडीचा अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. तेव्हा परिवहन कार्यालयात विचारपूस आधी, पाना हाती मागाहून. घरातील एकुलती गाडी तर ह्या प्रयोगाला घेऊच नये. जुने इंजिन लाकडी चौकटीवर बसवून शिकावे.

सारांश, हवा कोंबणे हे काम पट्टा आणि कप्पी करतात; ती हवा इंजिनाला पचविणे हे काम माणसाला करावे लागते. खाल्लेले अंगी लागले तरच ते अन्न, नाहीतर अपचन, हा आपल्या आजीबाईंचा नियम लोखंडालाही लागू आहे.