घरच्या संगणकासाठी एसएसडी : स्वस्त, पण पारखून

दिवाळीच्या वहीपूजनात आता वहीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. सांगलीस माझ्या थोरल्या बंधूंकडे हळदीच्या अडतीचे हिशेब सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपल्यावर घरच्या संगणकावर टॅलीत चढवले जातात. २०१९ साली घेतलेला हा संगणक गेल्या वर्षी सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटे घेऊ लागला. पुतण्या म्हणाला, “काका, नवाच घेऊ या.” मी म्हटले, “आधी दुखणे कोठे आहे ते पाहू.”

दुखणे हार्ड डिस्कचे होते. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारा काटा जागा शोधत हिंडतो. वेळ जातो तो या शोधात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. शिवाय हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, तर साटा जोडणीची साधी एसएसडी ५०० एमबीच्या पुढे जाते. एनव्हीएमई प्रकार याहून कितीतरी वेगवान. परंतु हिशेब, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढ्या कामात हा जादा वेग फारसा जाणवत नाही. मात्र खरेदीपूर्वी संगणकाची माहितीपुस्तिका पाहावी. एम-२ खाच दिसली म्हणून तीत कोणतीही एसएसडी चालते असे नाही. काही खाचा केवळ साटा प्रकार स्वीकारतात, काही केवळ एनव्हीएमई.

आता टिकाऊपणा. एका कप्प्यात तीन बिट साठवते ती टीएलसी, चार साठवते ती क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते; पण लेखनाचा भार कमी सोसते आणि भरत आली की मंदावते. किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी. उत्पादक ‘टीबीडब्ल्यू’ हा आकडा देतो, म्हणजे हमीकाळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. तो १६० असेल आणि घरात रोज २० जीबी लेखन होत असेल (हे मी सढळ हाताने धरले आहे), तर वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे सुमारे २२ वर्षे! तेव्हा या आकड्याची धास्ती नको. हमी तीन वर्षांची की पाच, हे अवश्य पाहावे. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते. ती दुकानदाराची लबाडी नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. खरी लबाडी वेगळीच : बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्यात ‘२ टीबी’ मिळू लागली तर दूर राहावे. अशा बनावट वस्तूची खरी क्षमता संपली की जुनी माहिती मुकाट्याने पुसली जाते.

एक अडचण एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला अपात्र असलेला संगणक नव्या एसएसडीने पात्र होत नाही. सुदैवाने बंधूंचा संगणक पात्र होता. ५०० जीबीची साटा टीएलसी बसवल्यावर तो अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. बंधू टेराबाइटची मागत होते. त्यांचा सारा साठा १८० जीबीदेखील नव्हता.

सारी माहिती नव्या एसएसडीवर उतरली, तेव्हा पुतण्या जुनी हार्ड डिस्क पुसून विकायला निघाला. तेथे मी जरा आवाज चढवला. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा टकटक करते, रेंगाळते; एसएसडी अनेकदा काहीच न सांगता जाते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणेही बहुधा अशक्य, कारण रिकाम्या झालेल्या जागा संगणक स्वतःच साफ करवून घेतो. आणि जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. एसएसडीच कपाटात ठेवून द्यावी, हाही उपाय नाही. वीज न मिळता ती फार काळ पडून राहिली तर तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते.

पुतण्याने निमूटपणे तपासणी केली. जुनी डिस्क सुस्थितीत निघाली. आता ती यूएसबी पेटीत बसवून वहिनींच्या कपाटात आहे. दर महिन्याचे विवरणपत्र भरले की ती बाहेर निघते, हिशेबांची प्रत घेते आणि पुन्हा आत जाते. ती म्हातारी आहे, म्हणून दुसरी प्रत पेढीवरच्या पेनड्राइव्हमध्ये असते.