चाकाची नाभि

नाथषष्ठीस बैलगाडीनें पैठणास येणारा यात्रेकरू निघण्यापूर्वीं चाकाच्या तुंब्यास वंगण देत असे. आतां पैठण तालुक्यांतील मोसंबी पिकअप गाडींतून बाजारास जाते. परंतु तिच्या चाकाच्या मध्याकडे घरांतील कोणाचें लक्ष असतें काय?

संस्कृतांत तुंब्यास 'नाभि' म्हणतात. मोटारींत तोच हब होय. कांहीं गाड्यांत हब व बेअरिंग यांची बंद जोडणी असते. तींत वंगण भरतां येत नाहीं, झिजली कीं सगळीच बदलावी लागते. वेगाबरोबर वाढणारा घुमघुमाट व उचललेलें चाक हालवितां जाणवणारा ढिलेपणा, हीं झिजेचीं लक्षणें होत. पुढील चाकेंच गाडीस दिशा देतात. तेव्हां येथील उपेक्षा जिवावर बेतते.

हें काम अंगणांतहि होतें. मात्र क्रम मोडूं नये. भूमि सपाट व टणक असावी. मागील चाकांस अडसर लावून पुढील चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच किंचित् सैल करावे. गाडी जॅकनें उचलून भक्कम घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबूं न देतां तारेनें बांधावा. नवी जोडणी बसवितांना नट गाडीच्या पुस्तकांतील मापानेंच, बल मोजणाऱ्या पान्यानें आवळावे. अंदाज कामाचा नाहीं.

एकत्र कुटुंबांत गाडी सर्वांची, म्हणून काळजी कोणाचीच नाहीं, असें होऊं नये. मुलांच्या हातीं पुस्तकाबरोबर पानाहि द्यावा. त्यानें विद्येस उणेपणा येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.