कारवानच्या गळ्यात झटक्याचा पट्टा कशाला?

जत, आटपाडी, माण, खटावकडचा कारवान कुत्रा नजरेनं सावज हेरून धावतो. एकदा सुटला की हाक त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून काहीजण रिमोटवर झटका देणारा पट्टा सुचवतात. पण लिंकन विद्यापीठाच्या 2020 मधल्या अभ्यासात 63 कुत्र्यांची तुलना झाली, आणि हाकेला येण्यात खाऊ देऊन शिकवलेली कुत्रीच सरस ठरली. ‘धनगराच्या मेंढरांमागे लागला तर?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. 2024 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात पाठलाग थांबवायला पट्टाच उपयोगी पडला होता. तिथं अर्थात पळतं आमिष होतं, मेंढरं नव्हती. रानात बटण क्षणभर उशिरा दाबलं, तर कुत्रा ती कळ शेजारी उभ्या पोराशीही जोडू शकतो. त्यापेक्षा पिल्लू असतानाच लांब दोरीवर कळपाजवळ फिरवावं. वेल्सनं 2010 मध्येच हे पट्टे बंद केले, आणि मेंढरं तिथं काही कमी नाहीत!