तालुक्याची पारख

बाहेरची मदत कांहीं काळ पोहोंचूं शकली नाहीं तर आपल्या तालुक्यांतील माणसें किती दिवस नीट जगतील, हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकांत सहसा विचारलेला नसतो. पिकें, पाऊस, नद्या व बाजारपेठा यांचीं नांवें आपण पाठ करतों; परंतु त्या माहितीवरून या प्रश्नाचें उत्तर कसें काढावें, हें शिकावयाचें राहून जातें. येथें उदाहरणादाखल लातूर जिल्ह्यांतील औसा तालुका घेतला आहे. तेथील जमीन उदार आहे, आणि किल्लारी हें गांवहि त्याच तालुक्यांत आहे.

प्रथम धान्य पाहूं. पांच माणसांच्या कुटुंबास दररोज सव्वादोन किलो धान्य धरलें तर वर्षास सुमारे आठ क्विंटल लागतें. काळ्या जमिनींत रब्बीची ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते. कोरडवाहू पीक एकरीं तीन-चार क्विंटल आलें, तर अडीच एकरांत कुटुंबाचें वर्ष निघतें व कडब्यावर जनावरें जगतात. पूर्वीं हें धान्य पेंवांत व बळदांत सांठवून ठेवीत. एवढ्यावरून औसा तालुक्यास कोणीहि पहिला वर्ग देईल. परंतु गेल्या कांहीं दशकांत ज्वारीच्या रानांत सोयाबीन आलें आहे. सोयाबीन पैसा देतें, मात्र त्याची भाकरी होत नाहीं. शेत भरलेलें आणि घरांत दुकानचें धान्य, अशी स्थिति झाली, कीं बाजार बंद पडल्याच्या दिवशीं शेतकऱ्याचें घर व शहरांतलें घर यांत फरक तो काय उरला? शेतकऱ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं, पैसा त्यालाहि हवा. पण घरापुरती ज्वारी पेरणारा मनुष्य माझ्या मतें अधिक हिशेबी होय.

पाण्याचा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर एका एकरावर (४,०४७ चौरस मीटर) सुमारे २८ लाख लिटर पाणी पडतें. पांच माणसांचें घर दरडोई रोज ५५ लिटरप्रमाणें वर्षास एक लाख लिटर वापरतें. म्हणजे एका एकरावरचा पाऊस अठ्ठावीस घरांस पुरावा! मग टंचाई कां पडते? पुष्कळसें पाणी वाहून जातें व वाफ होऊन उडतें. खालचा काळा पाषाण पाणी धरतो तो केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत. शिवाय उंसाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतें, म्हणजे एकरीं ८० लाख लिटर. औशाच्या शेजारच्या लातूर शहरास २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं आलेल्या पहिल्या गाडींत ५ लाख लिटर पाणी होतें. आपल्या हिशेबानें पांच घरांचें एका वर्षाचें. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरअखेर इतका पाऊस झाला कीं मांजरा धरण भरलें. तेव्हां सरासरी पावसाच्या आंकड्यावर भिस्त ठेवूं नये. सर्वांत वाईट वर्षीं वैशाखांत आपल्या विहिरींत किती हात पाणी होतें, हें घरच्या वडीलमाणसांस विचारावें.

आतां घराकडे वळूं. येथें खरी कसोटी आहे. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी, सास्तूर व तेरणाकांठचीं गांवें ६.२ परिमाणाच्या भूकंपानें कोसळलीं. आदल्या दिवशीं गणेशविसर्जन होऊन लोक नुकते झोंपले होते. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. दख्खनचें पठार स्थिर मानलें जाई. नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. वास्तविक आदल्या वर्षापासून किल्लारीस लहान धक्के जाणवत होते.

इतक्या माणसांचा जीव घेतला तो मुख्यतः घरांनीं. दोन-अडीच फूट जाड भिंती, मातींत बसविलेले ओबडधोबड दगड, आणि वर लांकडी फळ्यांवर मातीचें जाड माळवद. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें, चोरापासून निर्भय वाटतें, आणि त्यास लागणारा दगड व माती गांवांतच मिळते. स्वावलंबनाच्या दृष्टीनें पाहिलें तर याहून चांगलें घर नाहीं. परंतु भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस जोडणारे आरपार दगड नसल्यानें हादऱ्याबरोबर थर फुटून सुटले. माळवद गळूं नये म्हणून त्यावर वेळोवेळीं नवी माती चढत असे, त्यामुळें घर जुनें होईल तसतसें डोक्यावरचें ओझें वाढत जाई. जेथें छपराचा भार भिंतीवर नसून लांकडी खांबांवर होता, तेथें बऱ्याच ठिकाणीं भिंती पडूनहि छप्पर उभें राहिलें. गरिबाचें हलकें झोंपडें तर पुष्कळदां वांचलें. ज्याच्या जवळ अधिक होतें त्याच्या डोक्यावर अधिक पडलें!

त्या पहाटे धान्य होतें, पाणी होतें, उणीव होती ती दगड उपसणाऱ्या हातांची व वैद्याची. अनेक जखमींस सोलापूरच्या रुग्णालयापर्यंत न्यावें लागलें. म्हणून रस्ता पावसांत चालू राहतो काय, रुग्णालय किती कोसांवर आहे, आणि हाक मारल्यास शेजारी येईल काय, हेंहि पारखीच्या वहींत लिहिलें पाहिजे. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि नकाशांतील पट्टाहि बदलला.

आपल्या गांवीं दगडमातीचें घर असेल तर सुट्टींत वडिलांसह माळवदावर चढून मातीचा थर किती इंच आहे तें मोजावें. तो फार जाड असल्यास जाणत्या गवंड्याच्या सल्ल्यानें वरची जादा माती उतरवितां येते, आणि जुन्या भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड किंवा सळईसह कांक्रीटचे जोड बसवितां येतात. हें काम पेरणीपूर्वीं, कोरड्या दिवसांत करावें लागतें.