उत्तराला उशीर का होतो?

बोलणं आणि ऐकणं : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण ऐकणाऱ्याच्या हुंकाराबद्दल बोललो. शाहिराला झीलकऱ्यांची 'जी जी' लागते, तसं साध्या गप्पांनाही 'हं', 'बरं', 'मग?' लागतं. हे सगळं वेळेवर यावं लागतं. आज त्या वेळेविषयी.

समोरासमोर बोलताना एकाचा प्रश्न संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं यांत किती अवधी जातो? तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी, कोरियन, डॅनिश, लाओ अशा दहा भाषांमधल्या गप्पांत तो मोजला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. भाषेगणिक थोडा फरक पडतो, पण फार नाही. आता यातली खरी गंमत बघा. नुसतं चित्र पाहून त्या वस्तूचं नाव उच्चारायलाही माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग उत्तर इतक्या झटकन येतं कसं? समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो. त्याचा स्वर कुठे उतरतोय, नजर कुठे वळतेय, यावरून वाक्य कधी संपणार याचा अंदाज बांधतो आणि नेमक्या क्षणी तोंड उघडतो. हे कौशल्य आपण लहानपणीच, कुणी न शिकवता आत्मसात केलेलं असतं.

इंटरनेटवरच्या कॉलमध्ये नेमकी इथेच अडचण येते. आवाजाचे बारीक तुकडे होऊन ते नेटवर्कवरून जातात, आणि बोलणं तुटक येऊ नये म्हणून पलीकडचं यंत्र ते क्षणभर थोपवून मग ऐकवतं. चांगल्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. प्रश्न जायला दीडशे आणि उत्तर यायला दीडशे धरले, तर शिफारस पाळणाऱ्या लाइनवरही तीनशे होऊ शकतात. मिशिगन विद्यापीठातल्या जुली बोलंड यांच्या गटाला समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी १३५ मिलिसेकंद आढळलं, झूमवर ४८७. मग दोघं एकदम बोलतात, दोघंही थांबतात, 'बोला, बोला' म्हणतात.

एवढंच असतं तर चाललं असतं. पण २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ऑनलाइन संभाषणात मुद्दाम विलंब घातला. पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा आहे, असं लोकांचं मत झालं. दोष लाइनचा होता आणि तो माणसाच्या स्वभावावर गेला. मला ही बाब फार गंभीर वाटते, कारण आज नोकरीच्या आणि प्रवेशाच्या कितीतरी मुलाखती ऑनलाइन होतात. डोंगरातल्या गावात, रेंज मिळावी म्हणून गच्चीवर बसलेल्या मुलीचं उत्तर सेकंदभर उशिरा पोचतं आणि 'आत्मविश्वास कमी' असा शेरा तिच्या नावापुढे पडू शकतो.

लिहून होणाऱ्या संवादाची गोष्ट निराळी. तिथे घड्याळच नसतं. बोलताना अडखळणाऱ्याला तिथे कुणी मध्येच तोडत नाही, आणि न्यू जर्सीतल्या मुलाला आईचा निरोप सवडीने वाचून उत्तर देता येतं. तिथे स्वर मात्र हरवतो. २००५ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात लिहिणाऱ्यांना वाटलं, आपला उपरोध ७८ टक्के वेळा कळेल. ईमेल वाचणाऱ्यांना तो ५६ टक्केच वेळा ओळखता आला, म्हणजे छापाकाट्याहून थोडासाच बरा. आणि व्हिडिओ कॉलची मोठी देणगीही विसरू नये: खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिरांना दूरच्या आप्तांशी स्वतःच्या भाषेत गप्पा मारणं त्यामुळे शक्य झालं.

लाइनचा दोष माणसाच्या माथी लागू नये, म्हणून ज्यांच्या हाती ऑनलाइन मुलाखतीचे गुण आहेत, त्यांना विनंती. सुरुवातीला दोन मिनिटं इकडचं-तिकडचं बोलून लाइन किती मागे चालते ते पाहा. प्रश्न विचारल्यावर दोन सेकंद काही बोलू नका. आवाज तुटत असेल तर व्हिडिओ बंद करायला सांगा, तरीही जमलं नाही तर साधा फोन लावा. आणि उत्तराला लागलेल्या वेळेवरून कुणाचे गुण कापू नका.