गल्ला भरलेला आहे, पण तुम्ही शून्याच्या कोणत्या बाजूला आहात?

रात्री शटर ओढण्याआधी गल्ला मोजता ना? त्यात किती पैसे आहेत, ते तुम्ही लगेच सांगाल. पण तुम्ही शून्याच्या वर आहात की खाली, हे सांगता येईल का?

माझं स्टेशनरीचं दुकान सुरू होऊन सात महिने झाले होते. जून महिना, शाळा उघडलेल्या, वह्यांना तुफान गर्दी. एका रात्री गल्ल्यात १८,००० रुपये! घरी जाताना नवीन मोबाईलसुद्धा बघून आलो. सकाळी होलसेलरचा फोन : "३१,००० बाकी आहेत, कधी देताय?" गिऱ्हाइकांकडून यायची उधारी होती ७,५००. आता मांडा. १८,००० अधिक ७,५००, झाले २५,५००. त्यातून ३१,००० गेले. उत्तर वजा ५,५००. (शेल्फवरचा माल यात धरला नाही. तो विकला जाईपर्यंत त्यातून बिल भरता येत नाही.) बीबीए झालेला मी, आणि मोबाईल बघत फिरत होतो!

शाळेतलं आठवा. १, २, ३ या नैसर्गिक संख्या. त्यात ० आला की पूर्ण संख्या. वजा १, वजा २ अशा ऋण संख्याही घेतल्या की पूर्णांक. गल्ला पूर्ण संख्येत चालतो. तो रिकामा होईल, वजा होणार नाही. धंदा मात्र पूर्णांकात चालतो. गल्ल्यासाठी शून्य म्हणजे तळ. धंद्यासाठी ती मधली रेघ आहे, आणि तिच्या खालीही बरीच जागा आहे.

मालाचंही गल्ल्यासारखंच. बिलिंग सॉफ्टवेअर कधीकधी स्टॉक "वजा ४" दाखवतं. वजा चार पेन कोणी पाहिलेत का? बहुतेक वेळा खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं. तो आकडा दिसला की आधी बिलांची फाईल उघडा.

हे आपल्याकडे फार जुनं आहे बरं का. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम आहेत. शब्द बघा, धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज! ऋणातून ऋण वजा केलं की काय होतं, हे मला मात्र दुकानात कळलं. भिजलेल्या वह्या होलसेलरने परत घेतल्या आणि २,००० ची क्रेडिट नोट दिली. गल्ल्यात एक रुपया आला नाही, तरी मी वजा ५,५०० वरून वजा ३,५०० वर आलो. आकडा लहान झाला, पण परिस्थिती सुधारली. ऋण बाजूला असंच असतं, म्हणून चिन्ह बघितल्याशिवाय आकडा वाचू नका.

अजून एक. ज्या दिवशी विक्री झाली नाही, त्या दिवशी वहीत ० लिहा, जागा कोरी सोडू नका. ० म्हणजे दुकान उघडलं आणि विक्री झाली नाही. कोरी जागा म्हणजे त्या दिवशी काय झालं ते माहीतच नाही. महिनाअखेरीला या दोघांत फार फरक पडतो.

मला रेघेपर्यंत यायला पाच महिने लागले. त्या रात्री वहीत मोठा ० काढला आणि बायकोला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला : "शून्य? मग एवढा खूश का आहेस?"