किती देते? ...आणि आता का देत नाही?

ऐटीत डबल-कॅब पिकअप घेतली, वीकेंडला ताम्हिणी घाट पालथा घातला. पण गेले दोन महिने डिझेलचा काटा जरा जास्तच घाईत खाली येतोय? गॅरेजवाल्याच्या हातात कार्ड देण्याआधी थोडी डिटेक्टिव्हगिरी स्वतःच करा!

मराठी माणूस नवीन गाडी बघून पहिला प्रश्न काय विचारतो? टॉर्क? छे! टचस्क्रीन? तेही नाही. ‘किती देते?’ शेजारचे काका असोत, ऑफिसातला सिक्युरिटीवाला असो नाहीतर होणारे सासरे, प्रश्न एकच. पिकअपवाल्यानं तर याचं उत्तर पाठच करून ठेवलेलं असतं. ‘बारा देते. हायवेला तेरासुद्धा.’ एवढ्या धिप्पाड गाडीला बारा म्हटल्यावर समोरचा गप्पच!

आणि मग एक दिवस हिशेब करताना आकडा येतो साडेनऊ. आता काका विचारतील तेव्हा काय सांगायचं?

विषय नुसता इभ्रतीचा नाही. महिन्याला १,२०० किलोमीटर चालणारी गाडी बाराच्या ॲव्हरेजनं १०० लिटर पिते आणि साडेनऊच्या ॲव्हरेजनं १२६. डिझेल ९० रुपये धरलं तरी महिन्याला २,३०० च्या वर आणि वर्षाला २८ हजार रुपये नळीवाटे धूर होऊन जातात. म्हणजे गोव्याची एक झकास ट्रिप गेली! त्याहून महत्त्वाचं म्हणजे ॲव्हरेज पडणं हा तापासारखा प्रकार आहे. ताप साध्या सर्दीनंही येतो आणि गंभीर आजारानंही. कारण चाकातली कमी हवा असू शकतं, तसंच घाट उतरताना दगा देणारा, जाम झालेला ब्रेकही असू शकतं.

म्हणून पहिला नियम: निदान आधी, औषध नंतर.

खरंच पडलंय का?

डॅशबोर्डवरचा आकडा तूर्तास विसरा. तो गाडीच्या कॉम्प्युटरनं केलेला अंदाज असतो आणि पुष्कळदा जरा कौतुकाकडे झुकलेला असतो. खरी पद्धत जुनीच, टाकी टू टाकी. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. किमान चार-पाचशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलनं, पुन्हा तशीच भरा. किलोमीटरला लिटरनं भागा. असं तीनदा करा, कारण एका टाकीवरून निकाल लावणं म्हणजे एका बॉलवरून बॅट्समन ठरवणं!

तुलना मात्र कंपनीच्या ब्रोशरशी नको. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तो आकडा निघतो तेव्हा गाडी रोलरवर उभी असते, एसी बंद असतो आणि अख्खी टेस्ट वीस मिनिटांच्या आत संपते. ना खड्डे, ना ट्रॅफिक. तुमच्या गाडीची तुलना करायची ती तुमच्याच गाडीच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी.

आता गंमत बघा. मोठे, दणकट दिसणारे टायर नुकतेच टाकलेत का? पिकअपमध्ये नेहमी दिसणाऱ्या २४५/७० आर १६ टायरचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर भरतो. त्याजागी २६५/७५ आर १६ टाकला, तर तो होतो ८०४. म्हणजे चाक एका फेरीत सात टक्के जास्त अंतर कापतं, पण मीटर बिचारा जुन्याच हिशेबानं मोजतो. मीटरवर ५०० दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५३६ किलोमीटर गेलेली असते. ५० लिटर जळलं असेल, तर तुम्ही म्हणणार दहा, खरं ॲव्हरेज मात्र १०.७. मोबाइलचं जीपीएस लावून हायवेवर पन्नासेक किलोमीटर ताडून बघा. अर्थात असे टायर जड असतात आणि त्यांची जाड नक्षी रस्त्यावर जास्त घासते, त्यामुळे थोडं ॲव्हरेज खरोखरही जातं. पण मीटरची चूक आणि गाडीची भूक वेगळी करून बघायला हवी.

आणि मोजणाऱ्यालाही मोजा! २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रातही पंपांच्या मशीनमध्ये फेरफार केल्याची प्रकरणं उघडकीला आली होती. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवणं बंधनकारक आहे आणि ते भरून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. बिनधास्त सांगा. किंवा सरळ दोन-तीन टाक्या दुसऱ्या पंपावर भरून बघा.

कधीपासून?

डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात ना? गाडीलाही तोच विचारा. एका आठवड्यात धपकन पडलं, तर काहीतरी बिघडलंय किंवा बदललंय. टायर, पंप, ब्रेक, सुटलेला पाइप, नुकतंच झालेलं सर्व्हिसिंग, सगळं आठवून बघा. वर्षभरात हळूहळू घसरलं, तर झीज किंवा कचरा. एप्रिल-मेमध्ये पडून पावसाळ्यानंतर सावरलं, तर संशयित नंबर एक एसी.

आणि गाडी तीच, पण रूट बदलला असेल तर? नवा जॉब हिंजवडीत लागला, येता-जाता मिळून रोज एक तास एसी लावून नुसतं उभं राहणं आलं. एवढ्या वेळात लिटरभर डिझेल सहज जातं आणि गाडी एक इंचही पुढे सरकत नाही. महिन्याचे २२ दिवस म्हणजे २२ लिटर. वर जास्तीच्या २६ लिटरचा हिशेब केला होता, आठवतंय? त्यातला बहुतेक इथेच सापडला. अशा वेळी मेकॅनिकपेक्षा बॉसशी बोलून ऑफिसची वेळ एक तास पुढे-मागे करून घेणं जास्त फायद्याचं!

फुकटातल्या तपासण्या

हवा: अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ढोबळ हिशेब असा, की चारही चाकांत मिळून सरासरी १ पीएसआय हवा कमी झाली, तर ॲव्हरेज ०.२ टक्क्यानं उतरतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ऑफ-रोडिंगसाठी हवा सोडून वीस पीएसआयवर आणली आणि तशीच ऑफिसला पळवली, तर नुकसान दोन-तीन टक्क्यांवर जातं आणि टायर तापतात ते वेगळंच. पिकअपच्या मागच्या चाकांचे दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा, दुसरा भरलेल्या. दाराजवळच्या स्टिकरवर बघा. हवा मोजायची ती गाडी थंड असताना.

ब्रेक: दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्य तितके कमी ब्रेक मारून थांबा. प्रत्येक रिमजवळ हात न्या, पण लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, जळका वास येत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. ही गाडी घाटात न्यायची नाही. आधी गॅरेज. ॲव्हरेजचं मग बघू.

फोर-बाय-फोर: चिखलातून बाहेर आल्यावर नॉब पुन्हा टू-एचवर आणलात का? बहुतेक पिकअपमध्ये ही सिस्टिम पार्ट-टाइम असते. कोरड्या डांबरावर ती चालू राहिली, तर वळणावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडतात. डिझेल जातंच, गिअरही झिजतात.

टपावरचं सामान: कॅम्पिंगचा रूफ बॉक्स वर्षभर तसाच मिरवताय? त्याच ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार मोठ्या बॉक्समुळे शहरात २ ते ८ टक्के, तर हायवेवर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज जाऊ शकतं. त्याउलट हौद्यात ठेवलेल्या ४५ किलो वजनाचा फटका साधारण एक टक्का, आणि पिकअपसारख्या जड गाडीत त्याहूनही कमी. थोडक्यात, हायवेवर वजनापेक्षा वारा महाग पडतो. सामान टपावरून काढा, हौद्यात टाका.

बॉनेट उघडलंच आहे तर...

थर्मोस्टॅट: आपल्याकडे सगळ्यांना इंजिन तापण्याची भीती. त्यामुळे थंड राहणाऱ्या इंजिनाचा संशय कुणालाच येत नाही! थर्मोस्टॅटची झडप उघडीच अडकली, तर इंजिन हव्या त्या तापमानाला पोचतच नाही आणि थंड इंजिन जास्त इंधन पितं. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही काटा नेहमीच्या जागेच्या खालीच रेंगाळतोय? चोर सापडला समजा. हा पार्ट तुलनेनं स्वस्त असतो.

टर्बोचा पाइप: पिकअप कमी, काळा धूर आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ आवाज? टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप फाटलेला किंवा त्याचा क्लॅम्प ढिला असू शकतो.

क्लच: चौथ्या-पाचव्या गिअरला चढावर आरपीएम वाढतात, पण स्पीड नाही? क्लच प्लेट घसरतेय.

डीपीएफ: बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा हा फिल्टर बसलेला असतो. तो भरला, की गाडी जास्तीचं डिझेल वापरून त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. लांबच्या रनवर हे निवांत पार पडतं. पण रोजचं ऑफिस पाच किलोमीटरवर असेल, तर काम अर्धवट राहतं, गाडी पुन्हा पुन्हा तेच करत बसते आणि प्रत्येक वेळी डिझेल खाते. थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका, सर्व्हिस सेंटर गाठा. उपाय? मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अधूनमधून हायवेवर एका लयीत लांब रन. कधी नव्हे ते भटकंतीला टेक्निकल कारण मिळालं!

इंजेक्टर: गॅरेजमध्ये हे नाव पहिल्यांदा निघतं, पण तुमच्या यादीत ते शेवटी हवं. चार इंजेक्टर बदलायचं बिल महिन्याच्या पगाराशी स्पर्धा करतं. आधी स्कॅनर लावून एरर कोड बघायला सांगा, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायला सांगा आणि रिपोर्ट स्वतः बघा. ‘अंदाजे वाटतंय’ यावर एवढे पैसे मोजायचे नाहीत.

ऐकीव गोष्टींचा फुगा

‘मागचा फाळका उघडा ठेव, हवा कापली जाते.’ चुकीचं! फाळका बंद असतो तेव्हा हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत मागे जाते. फाळका पाडला, की ती घडी मोडते. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन टीव्ही शोनं हा प्रयोग करून बघितला, तेव्हा फाळका बंद ठेवणाऱ्या गाडीनंच बाजी मारली.

‘एअर फिल्टर बदल, ॲव्हरेज उडी मारेल.’ ओक रिज या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली हे तपासलं. इंजेक्शनवाल्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबल्यानं ॲव्हरेज जवळपास हललंच नाही, गाडीचा दम मात्र गेला. कारण हवा कमी आली, की कॉम्प्युटर इंधनही कमी सोडतो. टर्बो डिझेलमध्ये पार तुंबलेला फिल्टर काळा धूर काढायला लावतो. त्यामुळे वेळेवर बदला जरूर, चमत्काराची अपेक्षा नको.

‘सगळा दोष इथेनॉलचा.’ गाडी डिझेल असेल, तर हा मुद्दाच बाद. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये. पेट्रोलवाल्यांसाठी मात्र यात तथ्य आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० साठी ट्यून न केलेल्या जुन्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तर त्यासाठी ट्यून केलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट धरलेली होती. तुमचं ॲव्हरेज वीस टक्के पडलं असेल, तर इथेनॉलच्या आड दुसरं कुणीतरी लपलंय.

फ्रिजवर चिकटवा!

१. तीन टाक्या मोजा. मगच काळजी करा.
२. ‘कधीपासून’ आणि ‘त्याआधी काय बदललं’ हे लिहून काढा.
३. टायरचा साइज, हवा, टपावरचं सामान, फोर-बाय-फोरचा नॉब. खर्च शून्य.
४. चारही चाकांची उष्णता. एक जरी वेगळं वाटलं, तरी थेट गॅरेज.
५. टेम्परेचरचा काटा, धूर, ऑइलची पातळी.
६. स्कॅनर आणि टेस्टचा रिपोर्ट. त्यानंतरच मोठा खर्च.
७. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा टाकी मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर बरं कशानं झालं हे कधीच कळणार नाही.

आणि हो, चोर दर वेळी एकच असेल असं नाही. हवेचे दोन टक्के, टायरचे चार, रूफ बॉक्सचे सहा, ट्रॅफिकचे आणखी काही, असं किरकोळीत मिळूनही बाराचे साडेनऊ होतात. अशा वेळी गाडी ठणठणीत असते, फक्त सवयी महाग पडत असतात. तेव्हा मोबाइलमध्ये एक नोट उघडा आणि प्रत्येक टाकीला दोन आकडे टिपा, किलोमीटर आणि लिटर. पंपावर पावती मिळेपर्यंत होणारं काम आहे. पुढच्या वेळी गॅरेजवाला मान हलवत ‘साहेब, इंजेक्टर गेले’ म्हणाला, की त्याच्यापुढे ती नोट धरा. बोलण्याचा सूरच बदलेल!